क्यूआर कोड आहे, पण देणगी येत नाही

प्रश्न : ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी आमची संस्था हंगामी वसतिगृह चालवते. संकेतस्थळ बरेच जण बघतात, त्यावर क्यूआर कोडही आहे. तरी देणगी जवळपास येत नाही. काय चुकतंय?

उत्तर : तुमचे बहुतेक वाचक मोबाइलवर असणार. ज्या पडद्यावर कोड दिसतोय, त्याच मोबाइलच्या कॅमेऱ्याने तो स्कॅन कसा करणार? स्क्रीनशॉट काढून यूपीआय ॲपमध्ये उघडता येतो, पण एवढा खटाटोप कोण करतो! पेमेंट गेटवेमार्फत (ऑनलाइन पैसे स्वीकारून देणारी सेवा) थेट ॲप उघडणारं बटण द्या. कोड संगणकावरून बघणाऱ्यांपुरता ठेवा.

बटण पहिल्याच पडद्यावर हवं. अध्यक्षांचं मनोगत आणि दीपप्रज्वलनाचे फोटो आतल्या पानावर हलवा. ते कार्यकर्त्यांखेरीज फारसं कुणी बघत नाही. बटणावर ‘सहकार्य करा’ असं मोघम नको. ‘एका मुलाचं महिन्याचं जेवण’ लिहा आणि पुढे तुमच्या हिशेबवहीतला खरा आकडा.

देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारी, ८०जी म्हणून ओळखली जाणारी नोंदणी असेल तर नाव, पत्ता, पॅन आणि ईमेल पैसे भरण्याआधीच घ्या. नंतर फोनवर पॅन मागितला की लोक बिचकतात. याहून जास्त रकाने नकोत. जन्मतारीख तर अजिबात नको. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला करसवलत नाही, हेही तिथेच सांगा.

एक रकाना मात्र आवश्यक : नागरिकत्व. एफसीआरए म्हणजे परदेशी देणग्यांविषयीच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना परदेशी नागरिकाची देणगी घेता येत नाही, मग तो मूळचा बीडचा का असेना. परदेशात राहणाऱ्या भारतीय पासपोर्टधारकाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली चालते.