अमेरिकेत डॉक्टर-नर्स असताना कृष्णवर्णीय गरोदर बाईला डूला (गरोदरपणात-बाळंतपणात सोबत राहून आधार देणारी प्रशिक्षित मदतनीस) कशासाठी लागते?

तिची तक्रार वेळेत ऐकली जावी, मुख्यतः यासाठी. सीडीसी या अमेरिकी सरकारी आरोग्यसंस्थेच्या २०२३च्या आकड्यांनुसार तिथे दर लाख जिवंत जन्मांमागे ५०.३ कृष्णवर्णीय माता दगावल्या, गोऱ्या १४.५, शिक्षण-पैसा असूनही ही दरी बुजत नाही. चांगली डूला आधीच विचारून लिहून ठेवते: खोलीत कोण हवं, कशाला संमती नाही, पूर्वी कुठे दुर्लक्ष झालं. कळा सुरू असताना ती आईच्या वतीने निर्णय घेत नाही. ‘हे का करताय, दुसरा पर्याय कोणता?’ हे आईलाच विचारता यावं म्हणून डॉक्टर-नर्सना क्षणभर थांबायला लावते. सर्वांत मोलाचं काम मात्र बाळंतपणानंतरचं. सहा आठवड्यांपर्यंत रक्तदाब चढू शकतो. म्हणून १६०/११० किंवा जास्त रक्तदाब, न थांबणारी डोकेदुखी, नजर धूसर होणं, धाप, तासाभरात पॅड पूर्ण भिजणं, यांपैकी काहीही झालं तर लगेच इमर्जन्सीत जायचं आणि पहिलं वाक्य ‘मी नुकतीच बाळंत झालेय’ हेच बोलायचं. पण डूला निदान करत नाही, औषधंही देत नाही. सुईण किंवा डॉक्टर हवेतच. खर्चाचं आधी विचारून घ्या: कॅलिफोर्नियात मेडी-कॅल (कमी उत्पन्न असलेल्यांसाठीचा सरकारी आरोग्यविमा) जानेवारी २०२३पासून तो देतं, सगळी राज्यं देत नाहीत.