डी अँड डीच्या (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून पात्रं रंगवायचा खेळ) मोहिमेत ॲनिमेची पात्रं घातली तर चालेल का? नाशिकच्या गटासाठी पुस्तिका छापून विकली तर?

घरी बिनधास्त खेळा, पण विकायला काढू नका. नियमांची अडचण नाही: पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम (एसआरडी ५.१ हा दस्तऐवज) जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स या मुक्त परवान्याखाली खुले आहेत. श्रेयाची ओळ टाकली की ते विकायच्या पुस्तिकेतही चालतात. घोडं अडतं ते पात्रांपाशी. ती दुसऱ्याच्या मालकीची, आणि मुखपृष्ठावर ठळक 'अनधिकृत' छापलं म्हणून परवानगी मिळत नाही. गंगापूर रोडच्या गच्चीवर चौघांनी फासे टाकले तर कोण विचारतंय? तीच पुस्तिका कॉलेज रोडला झेरॉक्स काढून शंभराला विकली, की धंदा झाला. नावं, चेहरे, कथानक बदलून स्वतःचं काही केलंत तर गोष्ट वेगळी.

आणि पात्र शून्यातून बनवत बसू नका. मी डंजन मास्टर (खेळ चालवणारा) असतो तेव्हा आउलबेअर या घुबडतोंड्या अस्वल-राक्षसाचा तक्ता (आर्मर क्लास, म्हणजे बचाव, १३; हिट पॉइंट, म्हणजे जीव, ५९) जसाच्या तसा उचलतो. चोचीच्या जागी तलवार, पंजाच्या जागी लाथ, आकडे तेच. फक्त पहिल्या लेव्हलच्या पोरांसमोर हा गडी सोडू नका, दोन फेऱ्यांत आडवे होतील.