जपानी ड्रामा बघायला सुरुवात करतोयस? मग हे वाच

हे बघ, कोरियन सवयीने जाऊ नकोस, इथे सोळा-सोळा तासांचं रडणं नसतं, साधारण १०-११ एपिसोड, पाऊण तासाचे, झालं संपलं. सुरुवात 'शिन्या शोकुदो'ने कर, २००९ चा, टोकियोतल्या शिंजुकू भागातलं छोटंसं खानावळ टाइप हॉटेल, रात्री १२ ते सकाळी ७ उघडं, मेन्यूवर जेवणाचा एकच पदार्थ पण सामान असेल तर मालक काय मागशील ते करून देतो, आणि प्रत्येक गिऱ्हाईकाची एक गोष्ट. याचा एक एपिसोड अर्ध्या तासाच्या आत संपतो. फक्त उपाशीपोटी बघू नकोस बाबा, मी रात्री १ ला उठून मॅगी केलीये.

मसाला हवा असेल तर 'हानझावा नाओकी', २०१३ चा, बँकेतला माणूस साहेबांचा दुप्पट सूड घेतो, शेवटच्या भागाला टोकियोकडे ४२.२% रेटिंग होतं! ॲक्टिंग जरा ओव्हर वाटेल, डोळे वटारणं वगैरे, ते चालवून घे. पण माझा सगळ्यात लाडका 'अननॅचरल' (२०१८), पोस्टमॉर्टेम करणाऱ्या डॉक्टरांचा, तो मात्र शेवटी ठेव, नाहीतर बाकीचे फिके वाटतील. आणि डबिंग नको, सबटायटलच लाव.