कॅरिबियन प्रायोगिक चित्रपटांत गोष्टीपेक्षा भाषेला इतके महत्त्व का असते?

आपला प्रश्न असा आहे की, कॅरिबियन अस्मितेवरील प्रायोगिक चित्रपट सरळ गोष्ट न सांगता भाषा आणि स्मृती यांतच का घुटमळत राहतात. सरसकट उत्तर देण्याऐवजी मी एकाच कलाकृतीविषयी लिहितो: ब्रिटिश चित्रपटकार आयझॅक ज्युलियन यांची २००२ सालची ‘पॅराडाइज ओमेरोस’.

तिच्या मुळाशी असलेले सेंट लुशिया हे कॅरिबियन बेट फ्रेंच आणि इंग्रज यांच्यात चौदा वेळा हातबदल होऊन १८१४ मध्ये कायमचे इंग्रजांकडे गेले, आणि १९७९ मध्ये स्वतंत्र झाले. परिणामी दप्तरी भाषा इंग्रजी राहिली, तर घरात आणि बाजारात फ्रेंच शब्दांवर उभी राहिलेली क्वेयोल ही बोली. ज्युलियन यांचे आईवडील याच बेटावरचे. त्यांचा स्वतःचा जन्म मात्र १९६० साली लंडनमध्ये झाला. त्यांच्या या कलाकृतीला आधार आहे तो डेरेक वॉलकॉट या सेंट लुशियाच्याच कवीच्या ‘ओमेरोस’ (१९९०) या दीर्घकाव्याचा.

ओमेरोस म्हणजे ग्रीक उच्चारातला होमर, प्राचीन ग्रीक महाकवी. वॉलकॉट या नावाची फोड करतात: ‘ओ’ म्हणजे शंखाचा नाद, ‘मेर’ म्हणजे बेटाच्या बोलीत आई आणि समुद्र दोन्ही, आणि ‘ओस’ म्हणजे हाड. फ्रेंच लेखनात आई आणि समुद्र यांची वर्णाक्षरी वेगळी आहे, पण कानाला फरक कळत नाही. शतकानुशतके लेखणीपेक्षा जिभेवरच जगलेल्या बोलीत ते दोन अर्थ एकमेकांत मिसळणारच. (मराठीत हा श्लेष साधत नाही; मी प्रयत्न करून पाहिला आहे.) माझ्या मते आपल्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे, कारण जी ओळख लिहिताच दुभंगते आणि ऐकताना एक होते, ती मांडायला आवाज आणि लाटा हाताशी असलेले माध्यम सोयीचे पडते.

ही कलाकृती सुमारे वीस मिनिटांची असून एकाच वेळी तीन पडद्यांवर चालते. तिच्यात आजचे सेंट लुशिया आणि १९६० च्या दशकातले लंडन आहे, आणि दोहोंमध्ये वारंवार येणारा समुद्र. पहिल्यांदा पाहताना नेमके कुठे बघावे हे न कळून मी चिडलो होतो. दुसऱ्यांदा मधल्या पडद्याचा हट्ट सोडला आणि फक्त ऐकत राहिलो, तेव्हा ती जमली.

आपल्याला ती पाहण्याची संधी मिळालीच, तर आधी वॉलकॉट यांचा तो नावाच्या फोडीचा उतारा मोठ्याने वाचून जावे.