बायबलमधलं 'पृथ्वीचे वतन': हे वतन कुठलं?

प्रश्न थोडक्यात असा: ठाण्यात मैत्रिणीच्या आजीच्या दफनविधीला गेले होते, तिथे पाळकांनी "जे सौम्य ते धन्य, कारण ते पृथ्वीचे वतन भोगतील" असं वाचलं. वतन म्हणजे देश ना, मग 'पृथ्वीचा देश भोगतील' हे काय? आणि ख्रिस्ती लोक तर मेल्यावर स्वर्गात जातो म्हणतात, मग पृथ्वी कुठून आली? शिवाय मैत्रिणीला मेसेज करायचाय, त्यात 'स्वर्गवासी' चालेल का?

ताई, आधी वतनाचं बघू, कारण सगळी गोम तिथेच आहे. हिंदी-उर्दूत वतन म्हणजे मायदेश हे बरोबरच, मूळ अरबीतही राहायचं ठिकाण, घर असाच अर्थ आहे. पण हा शब्द फारसीबरोबर दख्खनच्या सुलतानांच्या कारभारात आला आणि मराठीत येऊन थेट जमिनीला चिकटला. आपल्याकडे वतन म्हणजे वंशपरंपरेनं चालणारी जमीन, हुद्दा, हक्क, मानपान आणि त्याला बांधलेलं काम, हे सगळं एकत्र. पाटलाचं वतन, कुलकर्ण्याचं वतन, देशमुखी, देशपांडेपण. बापाकडून मुलाकडे जायचं, भावाभावांत वाटलं जायचं आणि त्यावरून जे तंटे पेटायचे ते गावसभेत नाही मिटले तर वरपर्यंत जायचे. मोल्सवर्थचा कोश काढून बघा, १८५७च्या आवृत्तीत असाच अर्थ मिळेल. लिंगसुद्धा वेगळं आहे, हिंदीत 'मेरा वतन' आणि मराठीत 'आमचं वतन', नपुंसकलिंगी.

ज्या काळात बायबलची मराठी घडत होती (बंगालमधल्या सेरामपूरहून मिशनरी विल्यम कॅरीचा मराठी नवा करार, म्हणजे बायबलचा येशूपासूनचा भाग, १८११ साली निघाला, आणि पुढे सगळं शतकभर भाषांतरं नि दुरुस्त्या चालूच होत्या) त्या काळात वतन ही गावोगाव जिवंत गोष्ट होती, त्यामुळे वाचणाऱ्याला कुणी समजावून सांगायची गरजच नव्हती. आणि मला मनापासून वाटतं की हा शब्द निवडणाऱ्यांनी कमाल केली, कारण बायबलच्या जुन्या करारातली, म्हणजे येशूच्या आधीच्या भागातली, जमिनीची व्यवस्था खरंच वतनासारखी आहे. यहोशवाच्या पुस्तकात चिठ्ठ्या टाकून इस्राएलाच्या एकेका वंशाला जमिनीचा वाटा दिला जातो, तो वाटा म्हणजे वतन. देवाच्या सेवेला वाहिलेल्या लेवी वंशाला जमीन नाही, त्यांचं वतन खुद्द परमेश्वर. नाबोथ नावाच्या माणसाचा द्राक्षमळा राजा अहाबला हवा असतो, चांगले पैसे किंवा दुसरा मळा द्यायलाही राजा तयार असतो, पण नाबोथ म्हणतो वाडवडिलांचं वतन मी देणार नाही, आणि त्यापायी जीव गमावतो. इथे 'देश' किंवा नुसती 'मालमत्ता' घालून बघा, नाबोथ का अडून बसला तेच कळत नाही, वतन म्हटलं की मराठी माणसाला लगेच कळतं. शिवाय कायदा असा की दर पन्नासाव्या वर्षी, योबेल वर्षात, विकलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परत जायची, कारण देव म्हणतो जमीन माझी आहे, तुम्ही माझ्याकडे उपरे आहात.

आता 'भोगतील'. आजकाल भोगणे म्हटलं की आपल्याला 'कर्माची फळं भोगतोय' आठवतं, म्हणून ते वाक्य कानाला विचित्र लागतं. पण महसुलात हा शब्द जुन्या अर्थानं अजून रोज चालतो. सातबारावर मालकाच्या नावाशी 'भोगवटादार वर्ग १' किंवा 'वर्ग २' लिहिलेलं असतं. घोडबंदरला किंवा खारघरला फ्लॅट घेणारा माणूस पहिला प्रश्न विचारतो, ओसी आली का, त्या ओसीचं मराठी नाव भोगवटा प्रमाणपत्र. तर वतन भोगणे म्हणजे जागेचा कब्जा मिळून तिथे राहायला लागणं, तिथलं पिकलेलं खाणं.

म्हणजे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर याच वाक्यात आहे. येशू हे वाक्य डोंगरावरच्या प्रवचनात म्हणतो (मत्तय ५:५) पण ते त्याच्याआधीचं आहे, जुन्या करारातल्या ३७व्या स्तोत्रातलं. त्या एका स्तोत्रात ही गोष्ट ५ वेळा येते, दुष्ट लोक उखडले जातील आणि दबलेली, देवावर भरवसा ठेवणारी माणसं भूमीची वतनदार होतील. हिब्रूत 'एरेट्स' म्हणजे भूमीही आणि पृथ्वीही, त्यामुळे आधी इस्राएलाच्या भूमीपुरतं असलेलं वचन पुढे सगळ्या पृथ्वीएवढं झालं. प्रभूच्या प्रार्थनेत सुद्धा "जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही" असंच मागणं आहे. प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकाच्या २१व्या अध्यायात तर नवं आकाश, नवी पृथ्वी, आणि पवित्र नगरी स्वर्गातून खाली उतरते, माणसं वर जात नाहीत. चर्चमध्ये जी श्रद्धेची कबुली म्हणतात तिच्या शेवटी देहाच्या पुनरुत्थानाचा उल्लेख असतो तोही याच आशेचा भाग, देह उठणार तर त्याला उभं राहायला जमीन लागणारच ना.

मेल्यावर आत्मा देवाकडे जातो हेही बहुतेक चर्च मानतात, ते खोटं नाही, पण ती शेवटची मुक्कामाची गोष्ट नाही असं त्यांचीच शिकवण सांगते. नवी पृथ्वी नेमकी कशी, इथे मतं फुटतात. इरेनिअससारखे दुसऱ्या शतकातले गुरू अगदी खऱ्याखुऱ्या, धान्य-द्राक्षं पिकणाऱ्या पृथ्वीवरच्या राज्याची वाट बघत होते, नंतर ऑगस्टीन या धर्मगुरूने प्रकटीकरणात सांगितलेल्या हजार वर्षांच्या राज्याचा अर्थ चर्चच्या काळाला लावला आणि लोकांचं लक्ष वर स्वर्गाकडे जास्त गेलं. यहोवाचे साक्षीदार नावाचा पंथ आहे, ते मानतात की १,४४,००० जण स्वर्गात आणि बाकीचे विश्वासू लोक याच पृथ्वीवर कायमचे राहतील. मराठीत ते त्यासाठी 'नंदनवन' हा शब्द वापरतात.

या नंदनवनाबद्दल दोन शब्द. आपल्या शेजारी वधस्तंभावर खिळलेल्या चोराला येशू जे सांगतो ते प्रचलित मराठी बायबलमध्ये "तू आज माझ्याबरोबर सुखलोकात असशील" असं आहे. मूळ ग्रीक शब्द जुन्या इराणी भाषेतून आलेला, अर्थ भिंतीनं वेढलेली जागा, म्हणजे राजाची राखलेली बाग, आणि जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात एदेन बागेला तोच शब्द वापरलाय. सुखलोक म्हटल्यावर मात्र बाग गायब होते, कारण आपल्या कानाला 'लोक' म्हणजे परलोक, स्वर्गलोक, इथून वेगळी कुठलीतरी जागा. नंदनवनात बाग आहे पण ती इंद्राची, स्वर्गातली, त्यामुळे तिच्यापुढे 'पृथ्वीवरचं' जोडावं लागतं. म्हणून मला 'पृथ्वीचे वतन' हाच सगळ्यात सरस वाटतो, त्यात माती आहे.

पण वतनाची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय उत्तर पुरं होणार नाही. महार वतन हेही वतनच होतं, थोडीशी जमीन आणि त्याबदल्यात सरकारचं नि गावाचं रात्रंदिवस राबणं. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात १८७४च्या वतन कायद्यात दुरुस्तीचं बिल आणलं ते या वेठीविरुद्धच. शेवटी १९५८च्या कायद्यानं ही गावकामगार वतनं गेली, सातबारांवर त्यांच्या खुणा मात्र अजून भेटतात. आणि अहमदनगरकडच्या मिशनमध्ये ख्रिस्ती झालेल्यांत महार-मांग कुटुंबं पुष्कळ होती. त्यांनी "पृथ्वीचे वतन" ऐकलं तेव्हा त्यांना ते पाटलाच्या वतनासारखं ऐकू आलं असेल की स्वतःच्या, यावर मी बराच विचार केलाय. स्तोत्रात ज्याला 'लीन' म्हटलंय तो हिब्रू शब्द नुसता मवाळ स्वभाव सांगत नाही, त्यात दडपलेला, वाकवलेला गरीब हा अर्थ आहे. तेव्हा वचनाचा रोख स्पष्ट आहे, ज्यांच्या वाट्याला फक्त राबणं आलं त्यांना जमीन, तीही वेठीशिवाय. यशयाच्या ६५व्या अध्यायात हेच उघड लिहिलंय, ते घरं बांधतील आणि स्वतःच त्यांत राहतील, एकानं बांधायचं आणि दुसऱ्यानं राहायचं असं होणार नाही. घोडबंदर रोडला तीस-तीस मजली टॉवरखाली पत्र्याच्या खोल्यांत जे मजूर राहतात, दोरीवर कपडे, बाहेर विटांची चूल, त्यांच्या शेजारून जाताना ही ओळ वाचून बघा, अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

आता मेसेजचं. 'कै.' लिहू नका, ते कैलासवासी, आणि 'स्वर्गवासी' लिहिलं तर कुणी रागावणार नाही पण मराठी ख्रिस्ती घरांत 'प्रभूमध्ये निद्रिस्त झाल्या' किंवा 'ख्रिस्तवासी' म्हणतात. निद्रिस्त जास्त चांगलं, कारण झोपलेला माणूस उठणार असतो, आणि आशा तीच आहे. इंग्रजीतला सिमेटरी शब्दही 'झोपायची जागा' या ग्रीक शब्दावरूनच आलाय. साधं लिहा: "आजी प्रभूमध्ये निद्रिस्त झाल्या, पुनरुत्थानाच्या आशेत देव तुम्हा सगळ्यांना सांत्वन देवो." मैत्रीण कॅथलिक असेल तरी हे चालतं, प्रोटेस्टंट असेल तरी चालतं.