पक्षनेत्याच्या निवडणुकीत मत कोणाला असावे?

पक्षांतर्गत निवडणुकांविषयी वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्न या अंकात घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : काँग्रेसच्या अध्यक्षपदासाठी २०२२ मध्ये मतदान झाले तेव्हा साडेनऊ हजारांहूनही कमी मते पडली. पक्षाचे सभासद यापेक्षा कितीतरी अधिक आहेत. मग प्रत्येक सभासदाला मत का नाही? — एक वाचक, सांगली

उत्तर : १७ ऑक्टोबर २०२२ रोजी झालेल्या त्या मतदानात मल्लिकार्जुन खर्गे यांना ७,८९७ आणि शशी थरूर यांना १,०७२ मते मिळाली, तर ४१६ मते बाद ठरली. मतदार होते ते प्रदेश काँग्रेसचे प्रतिनिधी. पक्षाच्या घटनेप्रमाणे तालुक्याच्या किंवा ब्लॉकच्या पातळीवरून हे प्रतिनिधी निवडून यावेत आणि त्यांनी अध्यक्ष निवडावा, अशी रचना आहे. म्हणजे सभासदाला थेट मत नसले तरी प्रतिनिधीमार्फत त्याचे म्हणणे वरपर्यंत पोहोचावे, हा त्यामागचा हेतू आहे आणि तो मुळात चुकीचा नाही.

अडचण पहिल्याच पायरीवर येते. ब्लॉकमध्ये खरोखर मतदान होऊन प्रतिनिधी ठरला, की जिल्ह्यातील दोन-चार वजनदार मंडळींनी बसून नावे वर पाठवली, हे बाहेरच्या माणसाला कळण्याचा मार्ग नसतो, आणि पुष्कळदा खुद्द सभासदालाही नसतो. म्हणूनच २०२२ मध्ये थरूर आणि पक्षातील आणखी काही खासदारांनी मतदारयादीचा आग्रह धरला होता. निवडणूक प्राधिकरणाचे प्रमुख मधुसूदन मिस्त्री यांनी यादी सर्वांसाठी जाहीर केली नाही. ज्यांना उमेदवारी करायची आहे त्यांनी ती पक्षाच्या कार्यालयात येऊन पाहावी, अशी व्यवस्था त्यांनी केली. काहीच नसण्यापेक्षा हे बरे होते, परंतु ज्या निवडणुकीत मतदार कोण आहेत हे त्या मतदाराच्या शेजाऱ्यालाही ठाऊक नसते, तिच्या निकालावर हरलेल्या बाजूने विश्वास कशाच्या आधारावर ठेवावा?

प्रतिनिधींची पद्धत नेहमीच इतकी निर्जीव होती असे मात्र नाही. १९२० च्या नागपूर अधिवेशनात काँग्रेसची नवी घटना मंजूर झाली, चार आण्यांच्या वर्गणीवर सभासदत्व खुले झाले आणि भाषावार प्रांतिक समित्या आल्या. त्याच चौकटीत १९३९ मध्ये गांधीजींचा पाठिंबा पट्टाभी सीतारामय्या यांना असतानाही प्रतिनिधींनी सुभाषचंद्र बोस यांना सुमारे दोनशे मतांच्या फरकाने निवडून दिले. १९५० मध्ये पुरुषोत्तमदास टंडन यांना १,३०६, आचार्य कृपलानी यांना १,०९२ आणि महाराष्ट्राचे शंकरराव देव यांना २०२ मते मिळाली; टंडन ही पंतप्रधान नेहरूंची पसंती नव्हती, हे उघड होते. याच्याशेजारी २००० सालचा निकाल ठेवून पाहावा : सोनिया गांधी ७,४४८, जितेंद्र प्रसाद ९४. अडीच-पावणेतीन हजार मतदारांत चुरस होते आणि साडेसात हजार मतदारांत ती होत नाही, याचा अर्थ मतदारांची संख्या हा या प्रश्नाचा गाभा नाही. प्रतिनिधी कोणाच्या मर्जीने झाला, हा गाभा आहे. प्रतिनिधींच्या मताचा पुढे मान राखला गेला का, हाही प्रश्न त्याला जोडूनच येतो. त्रिपुरी अधिवेशनात कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेनुसार नेमण्याचे बंधन घालणारा ठराव झाला आणि निवडून आलेल्या सुभाषबाबूंना एप्रिल १९३९ मध्ये राजीनामा द्यावा लागला.

तेव्हा आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे : प्रत्येक सभासदाला मत असावे, पण खरी सभासदयादी असल्याशिवाय ते देऊ नये. एखाद्या पुढाऱ्याने एकगठ्ठा वर्गणी भरून हजारो नावे नोंदवली आणि त्या माणसांना आपण सभासद आहोत याची खबरही नसली, तर थेट मतदानाने सत्ता सभासदाकडे जात नाही, ती पैसे भरणाऱ्याकडे जाते. महाराष्ट्राला हा अनुभव सहकारातून पुरेपूर आहे. म्हणूनच २०१३ मध्ये सहकार कायद्यात क्रियाशील सभासदाची कल्पना आणली गेली आणि निवडणुकांसाठी स्वतंत्र प्राधिकरणाची तरतूद झाली. त्या तरतुदींत पुढे फेरबदल होत राहिले, वादही झाले. तरी प्रारूप यादी लावायची, हरकती मागवायच्या, त्यांवर निर्णय द्यायचा आणि मग अंतिम यादी प्रसिद्ध करायची, हा क्रम आज गावातल्या विकास सोसायटीच्या सभासदालाही माहीत आहे. साखर कारखान्याच्या संचालकासाठी जे आपण सक्तीचे मानतो, ते देशाचा पंतप्रधान होऊ पाहणाऱ्या माणसाच्या निवडीसाठी अनावश्यक मानण्याचे कारण मला सापडत नाही.

प्रश्न : आमदार-खासदार लाखो मतदारांच्या पाठिंब्याने निवडून येतात. पक्षाचा नेता त्यांनीच निवडला तर काय बिघडले? वर्गणी भरणाऱ्या सभासदापेक्षा त्यांचा अधिकार मोठा नाही का? — एक वाचक, पुणे

उत्तर : या प्रश्नाचे दोन भाग करावे लागतात, कारण आपल्याकडे नेतृत्वही दोन आहेत. विधिमंडळ पक्षाचा नेता आमदारांनी निवडावा, हे संसदीय पद्धतीला धरूनच आहे. सभागृहात ज्याच्या मागे उभे राहायचे, तो त्यांच्या विश्वासातला हवा. (प्रत्यक्षात आपले आमदार हा अधिकारही वापरत नाहीत. दिल्लीहून निरीक्षक येतात, निर्णय पक्षश्रेष्ठींवर सोपवणारा एक ओळीचा ठराव होतो आणि नाव वरून येते. काँग्रेसने ही रीत रुजवली आणि भाजपनेही ती टिकवली आहे.) संघटनेचा अध्यक्ष मात्र केवळ लोकप्रतिनिधींनी निवडला, तर ज्या मतदारसंघात पक्ष हरला तिथल्या कार्यकर्त्याला पक्षात काहीच स्थान उरत नाही, आणि झेंडा धरून ठेवण्याची गरज तर तिथेच सर्वांत जास्त असते.

ब्रिटनच्या हुजूर पक्षाचे उदाहरण यासाठी उपयोगी आहे, कारण त्यांनी दोन्ही मार्ग चालून पाहिले आहेत. १९६५ पासून त्यांचे खासदार नेता निवडत होते. १९९८ मध्ये नियम बदलले : खासदारांनी फेऱ्या घेऊन दोन नावे उरवायची आणि अंतिम निवड सभासदांनी करायची. २०२२ च्या उन्हाळ्यात खासदारांच्या शेवटच्या फेरीत ऋषी सुनक यांना १३७ आणि लिझ ट्रस यांना ११३ मते होती. सभासदांनी मात्र ट्रस यांना ८१,३२६ आणि सुनक यांना ६०,३९९ मते दिली. ट्रस यांच्या सरकारच्या करकपातीच्या योजनेने कर्जरोख्यांचा बाजार हादरला, स्वतःच्याच खासदारांचा विश्वास त्यांना टिकवता आला नाही, आणि दीड महिन्यात त्यांना राजीनामा जाहीर करावा लागला. पुढच्या खेपेला उमेदवारीसाठी शंभर खासदारांच्या पाठिंब्याची अट घातली गेली. ती एकट्या सुनक यांनी पूर्ण केली, त्यामुळे सभासदांपर्यंत मतदान गेलेच नाही.

यावरून अनेक जण सभासदांना दोष देतात. मला तो पूर्ण पटत नाही. ट्रस यांचे नाव सभासदांपुढे ठेवले ते खासदारांनीच; शिवाय सभासद आर्थिक धोरणाबाबत चुकले असतील, तर खासदारही चुकू शकतात. अडचण पदाच्या स्वरूपाची होती. त्या निवडणुकीतून नुसता पक्षाध्यक्ष नव्हे तर पंतप्रधान ठरत होता, आणि संसदेत बहुमत टिकवू न शकणारा पंतप्रधान एक दिवसही काम करू शकत नाही. म्हणून पक्ष सत्तेत असताना खासदारांना अधिक वजन द्यावे आणि विरोधात असताना निवड सभासदांवर सोडावी, असे मला वाटते.

आता महाराष्ट्राकडे येऊ. १७ फेब्रुवारी २०२३ रोजी निवडणूक आयोगाने शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्या गटाला दिले. २०१८ च्या पक्षघटनेत ज्या मतदारवर्गाने प्रमुख निवडायचा, तोच प्रमुखाने नेमायचा अशी रचना असल्याचे निरीक्षण आयोगाने नोंदवले, ती घटना आधार मानण्यास नकार दिला, संघटनेतील बहुमताच्या कसोटीवरही निष्कर्ष निघत नाही असे म्हटले, आणि शेवटी निर्णय आमदार-खासदारांच्या संख्येवर झाला. ५५ पैकी ४० आमदार शिंदे यांच्याकडे होते. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी राष्ट्रवादी काँग्रेसचे नाव आणि घड्याळ अजित पवार यांच्या गटाला मिळाले, तेही विधिमंडळातील बहुमतावरच. या आदेशांना सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले, आणि त्यांच्या योग्यायोग्यतेवर महाराष्ट्रात प्रामाणिक मतभेद आहेत. माझा मुद्दा निराळा आहे. दोन्ही पक्षांत सभासदांनी मत देऊन नेतृत्व ठरवल्याची निर्विवाद नोंद असती, तर आयोगाला आमदारांची डोकी मोजून पक्ष कोणाचा हे ठरवण्याची वेळ आली नसती. शाखेत वर्षानुवर्षे राबलेल्या शिवसैनिकाला आणि राष्ट्रवादीच्या बूथवरच्या कार्यकर्त्याला आपला पक्ष कोणता हे दुसऱ्या कोणीतरी सांगितले, आणि त्याचे मत कोणत्याही टप्प्यावर कोणी विचारले नाही. ही गोष्ट मला कोणत्याही गटाच्या जय-पराजयापेक्षा जास्त लागते.

प्रश्न : मी इंग्लंडमध्ये राहतो. २०१५ मध्ये येथील मजूर पक्षाने तीन पौंड भरणाऱ्या कोणाही समर्थकाला नेता निवडण्यासाठी मत दिले होते. भारतात असे व्हावे का? — एक वाचक, लेस्टर

उत्तर : होऊ नये, असे माझे मत आहे, मात्र त्या निवडणुकीविषयी जे सरसकट सांगितले जाते, ते दुरुस्त करून घेतले पाहिजे. १९८१ नंतर मजूर पक्षात खासदार, कामगार संघटना आणि मतदारसंघांतील पक्षशाखा यांचा संयुक्त मतदारवर्ग होता. २०१४ मध्ये तो रद्द करून एक व्यक्ती-एक मत असे ठरले, आणि त्याबरोबर नोंदणीकृत समर्थकाचा वर्ग आला. २०१५ मध्ये जेरेमी कॉर्बिन ५९.५ टक्के मतांनी विजयी झाले. समर्थकांपैकी सुमारे ८४ टक्क्यांनी त्यांना मत दिले हे खरे, परंतु पूर्ण सभासदांतही जवळजवळ निम्मी पहिल्या पसंतीची मते त्यांनाच होती आणि बाकीचे तिन्ही उमेदवार त्यांच्या बरेच मागे होते. म्हणजे बाहेरच्यांनी येऊन पक्ष पळवला, ही कथा आकड्यांवर उभी राहत नाही.

खरी फट दुसरीकडे होती. ज्या खासदारांनी उमेदवारी अर्जावर सह्या केल्या, त्यांपैकी काहींना कॉर्बिन नेते व्हायला नको होते. चर्चेत सर्व मतप्रवाह असावेत म्हणून त्यांनी सही दिली होती. सूचक होण्याचा अर्थच त्यांनी हलका केला. पुढच्याच वर्षी १७२ विरुद्ध ४० अशा मतांनी खासदारांनी त्यांच्यावर अविश्वास दाखवला, फेरनिवडणूक झाली, समर्थकाची वर्गणी पंचवीस पौंड झाली, नोंदणीला जेमतेम दोन दिवस मिळाले, आणि कॉर्बिन पूर्वीपेक्षा अधिक, ६१.८ टक्के मते घेऊन परतले. २०२१ मध्ये समर्थकांचा वर्ग बंद झाला आणि उमेदवारीसाठी २० टक्के खासदारांच्या सूचनेची अट आली.

समर्थकाला मत देण्यास माझा विरोध आहे तो जबाबदारीच्या कारणाने. निवडलेला नेता अपयशी ठरला, तर त्याची किंमत सभासदाला मोजावी लागते : दारोदार जाऊन उत्तरे त्याला द्यावी लागतात आणि पडलेल्या उमेदवाराबरोबर मतमोजणी केंद्राबाहेर तोच उभा असतो. समर्थकाचे त्या सकाळनंतर पक्षाशी नाते उरेलच असे नाही. भारतात तर मोबाइलवर मिस्ड कॉल देऊन सभासद होण्याची सोय झालेली आहे. अशा नोंदणीला मताचा अधिकार जोडला, तर यादी भरण्याचे कंत्राट घेणारे उद्याच उभे राहतील.

प्रश्न : गोव्यात २०१९ मध्ये काँग्रेसचे दहा आणि २०२२ मध्ये आठ आमदार भाजपमध्ये गेले. अशा नेत्यांबरोबर आलेल्या कार्यकर्त्यांना नव्या पक्षाच्या अंतर्गत निवडणुकीत लगेच मत असावे का? — एक वाचक, पणजी

उत्तर : लगेच नसावे. हुजूर पक्षात तीन महिन्यांचे सभासदत्व लागते. २०१६ मध्ये मजूर पक्षाने सुमारे सहा महिन्यांपूर्वीची तारीख धरली, तेव्हा नव्या सभासदांनी त्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली, खालच्या न्यायालयात ते जिंकले आणि अपिलात हरले. वाद झाला याचे कारण तारीख निवडणूक लागल्यावर ठरवली गेली. भाजपच्या घटनेत अध्यक्षपदाच्या उमेदवारासाठी पंधरा वर्षांच्या सभासदत्वाची अट आहे, म्हणजे मुदतीचे तत्त्व त्या पक्षाला परके नाही. मतदारासाठी सलग एक वर्षाचे सभासदत्व पुरे आहे, असे मी म्हणेन. मात्र ही मुदत घटनेत आधीपासून लिहिलेली असावी आणि आमदाराबरोबर आलेल्यालाही तीच लागू असावी.

प्रश्न : या निवडणुका निवडणूक आयोगानेच का घेऊ नयेत? — एक वाचक, नाशिक

उत्तर : आजच्या कायद्यात आयोगाला तो अधिकार नाही. १९८९ मध्ये लोकप्रतिनिधित्व कायद्यात आलेल्या २९-अ कलमाने पक्षांची नोंदणी सुरू झाली. पक्षाने राज्यघटनेशी निष्ठा सांगावी असे ते म्हणते, पण सभासदांचे मतदान कसे घ्यावे याविषयी काही सांगत नाही. एकदा दिलेली नोंदणी आयोग, काही अपवाद वगळता, काढून घेऊ शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये स्पष्ट केले. विधी आयोगाने १९९९ च्या आपल्या १७० व्या अहवालात अंतर्गत लोकशाहीसाठी कायद्याची शिफारस केली होती. ती अमलात आलेली नाही.

जर्मनीत राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातच पक्षांची अंतर्गत रचना लोकशाही तत्त्वांना धरून असावी असे म्हटले आहे आणि १९६७ पासून पक्षांचा स्वतंत्र कायदा आहे. तेथे अध्यक्ष निवडण्याचा अधिकार कायद्याने पक्षाच्या अधिवेशनाला आहे. २०२१ मध्ये फ्रीडरिश मेर्त्स यांना ख्रिश्चन डेमोक्रॅटिक पक्षाच्या सभासदांनी ६२ टक्के मते दिली, तरी पुढच्या जानेवारीत अधिवेशनाने त्यांची रीतसर निवड केली. मतपेट्या सरकारच्या ताब्यात न देताही कायद्याला पक्षांना शिस्त लावता येते, हे यातून दिसते. आपल्याकडे आयोगाने मतदान घेणे मला धोक्याचे वाटते, कारण सत्तारूढ पक्षाच्या काळात नेमलेल्या आयुक्तांकडे विरोधी पक्षाचा अध्यक्ष ठरवण्याची प्रक्रिया जाईल. आयोगाने एवढेच मागावे की, प्रत्येक नोंदणीकृत पक्षाने मतदानाच्या ठरावीक दिवस आधी अंतिम मतदारयादी सर्व उमेदवारांच्या हाती द्यावी, त्यावरील हरकतींचे निर्णय लेखी ठेवावेत आणि मतमोजणीचे आकडे राज्यनिहाय प्रसिद्ध करावेत. २०२२ मध्ये थरूर यांच्या बाजूने उत्तर प्रदेशातील मतदानाबद्दल तक्रार केली गेली होती. राज्यनिहाय आकडे आणि हरकतींवरचे लेखी निर्णय उपलब्ध असते, तर त्या तक्रारीत तथ्य होते की नव्हते, हे कोणत्याही सभासदाला स्वतः तपासून पाहता आले असते.