पॉप गाणं गाजतं ते गळ्यामुळे, की दिसण्यामुळे आणि मार्केटिंगमुळे?

तुमचा प्रश्न असा, की पॉप संगीतात यश अंगच्या गुणांवर मिळतं की रूप आणि जाहिरातबाजीवर. मी पुण्यात बारा-तेरा वर्षं ऑर्केस्ट्रात आणि स्टुडिओत कोरसला गायले आहे, त्यामुळे हा प्रश्न वाचून गप्प बसवेना. चांगल्या गळ्यावाचून गाणं फारसं चालत नाही. पण त्या गळ्यावर नाव कुणाचं लागणार, हे मात्र बरेचदा चेहरा पाहून ठरतं.

‘एव्हरीबडी डान्स नाऊ’ ही आरोळी तुम्ही नक्की ऐकली असेल. ती मार्था वॉशची. सॅन फ्रान्सिस्कोची ही बाई चर्चमध्ये गात मोठी झाली. अंगानं भरलेली, तिच्या आणि तिच्या जोडीदारणीच्या जोडीचं नावच ‘टू टन्स ओ’ फन’ होतं. याच दोघींनी १९८२ मध्ये ‘इट्स रेनिंग मेन’ गायलं. पुढे १९९० च्या आसपास ब्लॅक बॉक्स या इटालियन गटाच्या गाण्यांना मार्थाचा आवाज होता, पण व्हिडिओत ओठ हलवत होती कॅत्रिन किनॉल ही सडपातळ फ्रेंच मॉडेल. ‘एव्हरीबडी डान्स नाऊ’वालं गाणं काढणाऱ्या सी अँड सी म्युझिक फॅक्टरी या गटानंही तेच केलं. आरोळी मार्थाची, पडद्यावर झेल्मा डेव्हिस. झेल्मा स्वतः चांगली गायिका, म्हणजे तिचाही गळा झाकलाच की! १९९१ च्या फेब्रुवारीत ते गाणं अमेरिकेत गाजणाऱ्या गाण्यांच्या बिलबोर्ड यादीत पहिलं आलं. मार्था कोर्टात गेली, तडजोड झाली, आणि आवाज तिचा असल्याचं व्हिडिओवर लिहावं लागलं.

नुसतं रूप पुरतं का? मिली व्हॅनिली ही पॉप जोडी पाहा. जर्मनीतल्या फ्रँक फारियन या निर्मात्यानं रॉब पिलाटस आणि फॅब मॉर्व्हन हे दोन देखणे नाचरे तरुण पुढे उभे केले; गायले वेगळेच लोक. १९९० च्या सुरुवातीला त्यांना नवोदितांचं ग्रॅमी हे मानाचं संगीत पारितोषिक मिळालं आणि आवाज त्यांचा नाही हे उघड झाल्यावर त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते काढून घेतलं गेलं. मला खरं महत्त्वाचं वाटतं ते यानंतरचं. फारियननं खरे गायक पुढे आणून अल्बम काढला, तो पहिल्यासारखा चालला नाही. रॉब आणि फॅब यांनी स्वतःच्या आवाजात काढला, तोही पडला. एकत्र असताना लाखोंनी खपलेली चीज वेगळी केल्यावर दोन्हीकडून कोसळली.

मार्केटिंगबद्दल एक प्रयोग सांगते. कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी अनोळखी बँडची ४८ गाणी चौदा हजारांहून जास्त लोकांना इंटरनेटवर ऐकवली. काहींना कोणतं गाणं इतरांनी किती वेळा डाउनलोड केलं ते दिसत होतं, काहींना नाही. २००६ मध्ये निष्कर्ष छापून आले. आकडे दिसणारे आठ वेगवेगळे गट केले होते, आणि एका गटात डोक्यावर घेतलेलं गाणं दुसऱ्या गटात मागे पडलेलं सापडलं. फार चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत, फार वाईट सहसा वर आली नाहीत. मधल्यांचं काहीही होऊ शकत होतं. कंपन्या पैसा ओततात तो याच मधल्या गाण्यांवर. ‘सगळे ऐकतायत’ असं वाटायला लावलं, की सगळे खरंच ऐकू लागतात.

आपल्याकडे पार्श्वगायनात आवाज एकाचा आणि चेहरा दुसऱ्याचा, हे उघड असतं आणि त्यात फसवणूक नाही. पण नावाचं भांडण इथेही झालंच. १९४९ च्या ‘महल’मधल्या ‘आयेगा आनेवाला’च्या रेकॉर्डवर गायिका म्हणून ‘कामिनी’ छापलं होतं. कामिनी म्हणजे मधुबालाच्या पात्राचं नाव! गायल्या होत्या लताबाई. रेडिओवर श्रोत्यांनी विचारपूस केली, तेव्हा खरं नाव लोकांना कळलं. लताबाईंसारख्या गळ्याचं हे, तर कोरसमधल्या मुलीचं काय?

माझंच सांगते. एका छोट्या कंपनीच्या भक्तिगीतांच्या अल्बममध्ये तीन गाणी माझी होती. कव्हरवर फोटो दुसऱ्याच मुलीचा, आणि नावांच्या यादीत मी ‘इतर’. मी बोलले नाही, घरभाडं थकलं होतं. आई मात्र ती सीडी आल्यागेल्याला वाजवून दाखवायची आणि फोटोवर हात ठेवून सांगायची, ‘ही नाही, आवाज माझ्या मुलीचा.’

तुम्ही स्वतः गात असाल आणि म्हणून विचारत असाल, तर रियाज सोडू नका, आणि रेकॉर्डिंगला जाण्याआधी तुमचं नाव कुठे छापणार ते मानधनाच्या आकड्यासोबत कागदावर लिहून घ्या. मागायला लाज वाटते, मलाही वाटायची. आता माझ्यासोबत कोरसला येणाऱ्या मुलींच्या वतीनं मीच मागते.